आगरकरांचा वारसा कोणाचा?

दरवर्षी १ ऑगस्ट हा दिवस महाराष्ट्रातील श्रमिक चळवळ दोन कारणांनी पाळते. १९२० साली याच दिवशी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि याच दिवशी वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. टिळकांविषयी बोलताना आमचे वक्ते १९०८ च्या जुलै महिन्याचे स्मरण केल्यावाचून राहत नाहीत. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, लष्कराच्या गोळ्या झेलल्या. आणि हिंदी कामगारवर्ग जाणीवपूर्वक राजकीय लढा देण्याइतका परिपक्व झाला असल्याचा निर्वाळा लेनिनने त्याच वर्षी दिला. या इतिहासाचा आम्हांला अभिमान वाटतो आणि तो सर्वथा रास्त आहे.

परंतु त्याच्या दीड महिना आधी १७ जून येतो, आणि तो मात्र आमच्या कचेऱ्यांत बहुधा मुकाट्याने निघून जातो. १८९५ साली या दिवशी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि 'सुधारक' पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच दम्याने निवर्तले. नीतीला धर्माज्ञेच्या खुंटीवरून सोडवून मनुष्याच्या सुखदुःखावर आणि विवेकावर उभे करू पाहणारा हा महाराष्ट्रातील पहिल्या प्रतीचा विचारवंत. त्याचे नाव आम्ही पुरोगाम्यांच्या यादीत घेतो आणि पुढे जातो. 'फुले, आगरकर, शाहू, आंबेडकर' असे एका दमात म्हटले की जणू ऋण फिटले! प्रस्तुत लेखिकेच्या मते हे विस्मरण अपघाती नाही. आगरकरांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून पूर्णपणे दिलेले नाही, म्हणून तो प्रश्न विचारणारा माणूस आम्हांला अडचणीचा वाटतो.

टेंभू ते फर्ग्युसन

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. मध्यंतरी कचेरीतील कारकुनी आणि दवाखान्यातील कंपाउंडरीही करून झाली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक लाभला, १८७५ साली मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे दार उघडले. एम. ए. ची परीक्षा देणाऱ्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा होता. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की, मुलाला मोठ्या पगाराची जागा मिळेल अशी आशा तिने धरू नये. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ परहितार्थ खर्च करण्याचा त्याचा निश्चय झाला आहे. पुढील पंधरा वर्षांत या निश्चयापासून ते तसूभरही ढळले नाहीत.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल तेथील दिवाणावर केलेल्या टीकेपायी टिळक व आगरकर या दोघांना १८८२ साली शिक्षा झाली आणि त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. या खटल्यात दोघांच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी घेऊन उभे राहिले ते सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे, आणि तेही जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पुण्याच्या ब्राह्मणी पत्रकारांचा आणि फुल्यांचा वैचारिक विरोध जगजाहीर होता. तरीही सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे औदार्य ज्यांना शूद्र म्हणून हिणविले जात होते त्यांनीच दाखविले.

तुरुंगातून सुटल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले; १८८३ साली शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज, आणि १८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या मृत्यूनंतर त्याच कॉलेजचे प्राचार्यपद अशी त्यांची शिक्षणक्षेत्रातील वाटचाल आहे. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. याच पत्रातील लेखांमुळे पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्या लेखकाने 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' हा निबंध लिहिला, त्याला या मिरवणुकीचे भय ते काय वाटणार! मृत्यूनंतर आपल्यामुळे कोणाला तोशीस पडू नये म्हणून त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात.

वाद नेमका कशाचा?

'आधी राजकीय की आधी सामाजिक' या पाच शब्दांत हा वाद शालेय पुस्तकांनी बंदिस्त करून टाकला आहे. त्यामुळे त्याचे खरे स्वरूप झाकले जाते. आगरकर राजकीय स्वातंत्र्याचे विरोधक नव्हते. इंग्रजी राज्यात या देशाची लूट होत आहे हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, जो मनुष्य घरात गुलामांचा धनी आहे आणि जातीच्या पंचांपुढे स्वतः गुलाम आहे, तो बाहेर स्वतंत्र नागरिक होऊ शकत नाही. 'गुलामांचे राष्ट्र' हे त्यांच्या एका निबंधाचे शीर्षकच या विचाराचे सार सांगून जाते.

तो काळ डोळ्यांसमोर आणावा. १८८४ साली दादाजी भिकाजी याने बालपणी लग्न लागलेली आपली पत्नी रखमाबाई हिने आपल्याकडे नांदावयास यावे म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईने नकार दिला. १८८७ साली कोर्टाने नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिन्यांच्या कैदेस तयार हो, असा निकाल दिला. तिने कैद पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले आणि ती डॉक्टर झाली. ज्या १८८४ साली हा दावा दाखल झाला त्याच वर्षी झुरिच येथे एंगेल्सचा कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, हा योगायोग मोठा बोलका आहे. एंगेल्स ज्या दास्याची ऐतिहासिक मीमांसा करीत होता, त्याच दास्याविरुद्ध मुंबईची एक सुतार समाजातील मुलगी एकटी न्यायालयात उभी होती.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणे, एवढाच त्याचा आशय. बंगालमध्ये फुलमणी या बालवधूचा नवऱ्याच्या हातून झालेला मृत्यू १८९० च्या खटल्याने देशभर गाजला होता. टिळकांनी कायद्यास विरोध केला. परकी सरकारला आमच्या घरात शिरू देऊ नये, सुधारणा लोकमताने आतून यावी, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो केवळ प्रतिगामी म्हणून झटकून टाकता येत नाही. वसाहतवादी राजवटीविषयीचा अविश्वास त्यामागे होता. परंतु आगरकरांनी विचारलेला प्रश्न त्याहून मूलभूत होता. दहा वर्षांच्या मुलीला 'लोकमत तयार होईपर्यंत थांब' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्यांच्यावर जुलूम होतो त्यांचे मत ज्या लोकमतात धरलेलेच नाही, ते लोकमत कोणाचे?

हाच आगरकरांचा प्रश्न. आणि आमच्या चळवळीत तो वेष पालटून वारंवार परत येतो.

'नीती' या शब्दापाशी

भाषांतराचे काम करणाऱ्यास शब्द सहज सुटत नाहीत. पक्षाची पत्रके हिंदीतून मराठीत आणताना 'नीति' हा शब्द दिसला की आम्ही 'धोरण' असे लिहून मोकळे होतो, आणि ते बरोबरच आहे. मराठीत मात्र 'नीती' म्हटले की वागणुकीचा प्रश्न उभा राहतो: हे कृत्य न्यायाचे आहे काय, माणसाला माणूस म्हणून वागविले काय? वर्षानुवर्षे हे काम केल्यावर प्रस्तुत लेखिकेच्या ध्यानात आले की, आमच्या दस्तऐवजांत धोरण विपुल आहे आणि नीती क्वचितच. जणू नीती हा शब्दच प्रवचनकारांना इनाम देऊन टाकलेला आहे.

आगरकरांनी ते इनाम मान्य केले नाही. मिल आणि स्पेन्सर यांच्या अभ्यासातून ते अज्ञेयवादी झाले होते. 'देवतोत्पत्ती' या निबंधात त्यांनी देवांची कल्पना मनुष्याच्या भीतीतून, अज्ञानातून व पितरांच्या स्मृतीतून कशी निपजली हे उलगडले. 'सोवळ्याची मीमांसा' लिहून शुचितेचे थोतांड तपासले. धर्म गेला की नीती बुडेल, या धमकीला त्यांचे उत्तर असे की, जी नीती नरकाच्या भयावर उभी आहे ती मुळी नीतीच नव्हे. मनुष्याच्या वागणुकीचा चांगलेवाईटपणा तिच्यापासून इतरांना होणाऱ्या सुखदुःखावरून ठरतो. तो ठरविण्याचे साधन पोथी नसून विवेक आहे. आणि विवेक स्त्रीला व पुरुषाला, ब्राह्मणाला व शूद्राला सारखाच लाभलेला आहे. येथून पुढचे सर्व निष्कर्ष ओघाने येतात: मुलामुलींना एकच शिक्षण आणि तेही एकत्र, स्त्रीला पोट भरण्याची विद्या, प्रौढ वयात परस्परांच्या पसंतीने विवाह, विधवेचे केशवपन हा निव्वळ अत्याचार. १८८० आणि १८९० च्या दशकांत हे लिहिणे म्हणजे आपल्या जातीतून, आप्तांतून आणि कित्येकदा मित्रांतूनही स्वतःला उठविणे होते.

मर्यादा आणि तिची कारणे

आगरकरांना देव्हाऱ्यात बसविण्याचा येथे हेतू नाही. ते त्यांनाही रुचले नसते. त्यांची मर्यादा वर्गीय होती. त्यांच्या लेखणीसमोर प्रामुख्याने शिकलेला पांढरपेशा वाचक होता आणि त्यांच्या निबंधांतील स्त्री बहुतांशी वरिष्ठ जातीच्या वाड्यातील माजघरात कोंडलेली स्त्री होती. ज्या पुण्यात 'सुधारक' छापला जात होता त्याच पुण्यात फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता, आणि त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधावयास आरंभ केला होता. सत्यशोधकांनी जामिनाच्या वेळी पुढे केलेला हात दोन प्रवाहांचा संगम घडविण्यास पुरेसा ठरला नाही. देव मनात कसे जन्मतात हे आगरकरांनी दाखविले. देवस्थानाची जमीन कसणाऱ्या कुळाच्या पाठीवर ते कसे जिवंत राहतात, याकडे त्यांची दृष्टी पोचली नाही. बुद्धीला पटले की आचार बदलेल, असा त्यांचा विश्वास होता. आचाराला भाकरीने, जमिनीने आणि कर्जाने जखडलेले असते, हे आम्हांला मार्क्सने शिकविले.

परंतु मार्क्सने शिकविलेल्या धड्याचा आम्ही कधी कधी सोयीचा अर्थ लावतो. पाया बदलला की इमला आपोआप बदलेल. मग तोवर इमल्यातील घाण सहन करावयास हरकत नाही! आमच्याच इतिहासाने या समजुतीचे वाभाडे काढलेले आहेत. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात दलित कामगारांना शिरकाव नव्हता. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून काढावे लागे, आणि 'अस्पृश्याच्या' तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणाई खात्यातच मजुरी अधिक होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला, तेव्हा कोठे त्याची दखल घ्यावी लागली. साच्यावरच्या सवर्ण कामगाराचे मालकाविरुद्धचे भांडण खरे होते. शेजारच्या कामगाराला त्याने नाकारलेला धोटाही तितकाच खरा होता. नीतीचा प्रश्न येथे वर्गाच्या बाहेर नव्हता. तो वर्गाच्या काळजात होता.

दुसरे उदाहरण अभिमानाचे आहे. गोदावरी गोखले या पुण्याच्या मुलीने आगरकरांनी उभ्या केलेल्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण घेतले, कायद्याची पदवी मिळविली आणि आगरकरांचे सहकारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. पुढे ती कम्युनिस्ट झाली. कॉ. गोदावरी परुळेकर म्हणून तिने १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या उठावाचे कॉ. शामराव परुळेकर यांच्यासह नेतृत्व केले. तेथे 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापोटी वारली तरुण आयुष्यभराचा वेठबिगार होई, आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर जमीनदाराच्या वाड्यावर राबे. तिच्या अब्रूला तेथे संरक्षण नव्हते. लाल बावट्याने जी बेडी तोडली ती आर्थिक होती की सामाजिक? हा प्रश्न विचारणाऱ्याला तलासरीच्या कोणत्याही वृद्ध वारलीणीने हसून वाटेला लावले असते. आगरकरांना पुस्तकातून जे दिसले नाही ते त्यांच्या कॉलेजातील एका विद्यार्थिनीला जंगलात दिसले. वारसा असाच पुढे जातो. तो जपून ठेवावयाचा नसतो, वाढवावयाचा असतो.

दोन आक्षेप

येथे काही कॉम्रेड दोन आक्षेप घेतील. पहिला असा: आमचे शेतकरी-कामगार भाविक आहेत, कोणी वारकरी, कोणी पीराला नवस करणारा. आगरकरांची परखड भाषा घेऊन गेलो तर ते तुटतील. या आक्षेपात तथ्य आहे. संपात ऐन वेळी आस्तिक-नास्तिकाचा वाद उकरून काढणारा कार्यकर्ता मालकाच्याच पथ्यावर पडतो, हे लेनिनने १९०९ साली धर्मविषयक लेखात समजावून सांगितले आहे. उपहास हे आगरकरांचे शस्त्र होते; आमचे शस्त्र सोबतीने केलेला लढा आहे. परंतु भाविकाच्या श्रद्धेचा आदर करणे वेगळे, आणि श्रद्धेच्या नावाने चाललेल्या छळापुढे मूग गिळणे वेगळे. दुसरे करताना पहिल्याची सबब सांगू नये.

दुसरा आक्षेप: या गोष्टी घरगुती आहेत, क्रांतीनंतर बघू. याविषयी स्वतःचाच एक अनुभव सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात एंगेल्सच्या उपरोक्त ग्रंथाचे विवेचन चालले होते आणि प्रस्तुत लेखिका हिंदी व्याख्यानाचे मराठी भाषांतर करीत होती. एका तरुण कॉम्रेड मुलीने उभे राहून विचारले की, ज्या ज्येष्ठ साथींच्या घरी मागच्याच महिन्यात जात पाहून, हुंडा घेऊन लग्न झाले, ते हा वर्ग कसे चालवितात? सभेत शांतता पसरली. 'हा व्यक्तिगत प्रश्न आहे, विषयाला धरून बोला,' असे उत्तर आले. भाषांतरकार म्हणून माझे काम ते उत्तर मराठीत सांगण्याचे होते. मी ते शब्दशः सांगितले आणि पुढच्या वाक्याकडे वळले. ती मुलगी पुढच्या वर्गाला आली नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. म्हणजे आम्ही बूर्झ्वा राज्याच्या कायद्याच्याही मागे उभे होतो. दोष त्या साथींचा होता तितकाच, गप्प बसलेल्या आम्हां सर्वांचा होता. 'लोकमत तयार होईपर्यंत थांब' हेच तर त्या मुलीला आम्ही सांगितले होते.

पुतळ्यापासून गोळीपर्यंत

आगरकरांच्या काळी पुण्यात पुतळ्याची तिरडी निघाली. त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर हल्ला झाला. २० फेब्रुवारीस पानसरे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी, आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बंगळूरला गौरी लंकेश. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले. सव्वाशे वर्षांत प्रतिगाम्यांनी आपली साधने सुधारली. आमची साधने आम्ही कितपत सुधारली?

पानसरे यांच्या हत्येचा अर्थ आम्ही नीट वाचला पाहिजे. ते कामगारांचे वकील होते, टोलविरोधी लढ्यात रस्त्यावर होते, 'शिवाजी कोण होता?' या छोट्या पुस्तकाचे लेखक होते आणि आंतरजातीय विवाह लावून देणारे, त्या जोडप्यांना आधार देणारे घरचे वडीलधारे होते. त्यांच्या ठायी धोरण आणि नीती यांचा काडीमोड झालेला नव्हता. शत्रूला त्यांचे हेच एकसंधपण सलत होते.

लोक मात्र थांबलेले नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. केशवपनाविरुद्ध लिहिणाऱ्या आगरकरांना या ठरावाने समाधान वाटले असते, आणि लगेच त्यांनी विचारले असते की ठरावाची अंमलबजावणी किती घरांत झाली, आणि त्या विधवेच्या नावावर जमीन आहे की नाही. पहिला प्रश्न त्यांचा, दुसरा आमचा. दोन्ही एकाच माणसाने एकाच श्वासात विचारावेत, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शाखांच्या अभ्यासवर्गात आगरकरांचे निवडक निबंध एंगेल्सच्या ग्रंथाबरोबर वाचले जावेत. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी विखुरलेल्या आमच्या मराठी साथींनी १७ जूनला शाखेपुरती का होईना बैठक घ्यावी. जेथे ग्रामपंचायतीत आमचे सभासद आहेत तेथे हेरवाडसारखा ठराव मांडावा आणि त्याला वारसनोंदीच्या मोहिमेची जोड द्यावी. जातीबाहेर लग्न करणाऱ्या तरुणांना विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांच्या नोटिशीचा काळ काढावा लागतो. त्या तीस दिवसांत त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते, यावरून त्या गावातील पक्षाची परीक्षा व्हावी. आणि आमच्या सभेत एखाद्या मुलीने उठून प्रश्न विचारला, तर तिला विषयाला धरून बोलण्यास सांगू नये. विषय तोच असतो.